ग्लासगोत ११० मिनिटं, बाझेलमध्ये ३८: उंच मुलीने लांब रॅलीचं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगी सोळा वर्षांची, उंची पाच फूट आठ इंच, स्मॅश चांगला. पण समोर बुटकी, चपळ, काहीही मारा तरी परत देणारी मुलगी आली की रॅली लांबत जाते आणि तिसऱ्या गेममध्ये हिचे पाय उचलत नाहीत. पी. व्ही. सिंधू २०१७मध्ये ग्लासगोला बॅडमिंटनच्या विश्व अजिंक्यपद स्पर्धेच्या अंतिम सामन्यात जपानच्या नोझोमी ओकुहाराशी ११० मिनिटं लढून हरली आणि २०१९मध्ये बाझेलला त्याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्याच ओकुहाराला तिने ३८ मिनिटांत २१-७, २१-७ असं हरवलं. मध्ये नेमकं काय बदललं आणि त्यातलं मुलीच्या सरावात काय आणता येईल?

'सिंधूने स्टॅमिना वाढवला' हे उत्तर तुम्हाला दहा जण देतील. ते चूक नाही, पण त्यावर विसंबून मुलीला रोज आणखी दोन किलोमीटर पळवलंत तर फार काही हाती लागणार नाही. दोन्ही सामन्यांचे आकडे आधी शेजारी शेजारी ठेवून बघा.

ग्लासगोचा अंतिम सामना ओकुहाराने २१-१९, २०-२२, २२-२० असा जिंकला. म्हणजे एकूण १२४ गुण खेळले गेले. ११० मिनिटांतून नियमाची विश्रांती वजा करू: प्रत्येक गेममध्ये ११ गुणांवर ६० सेकंद आणि दोन गेमच्या मध्ये १२० सेकंद, अशी तिन्ही गेमची मिळून सात मिनिटं. राहिली १०३ मिनिटं. एका गुणामागे जवळपास ५० सेकंद. बाझेलला ५६ गुण झाले, विश्रांती चार मिनिटं, उरली ३४ मिनिटं. एका गुणामागे साधारण ३६ सेकंद. यात घाम पुसणं, शटल बदलणं, सर्व्हिसच्या जागी चालत जाणं हे सगळं आलं, म्हणून हा हिशेब ढोबळ आहे. तरीही दर गुणामागे तेरा-चौदा सेकंदांचा फरक खूप मोठा आहे. बाझेलला सिंधू जास्त वेळ टिकली म्हणून जिंकली नाही. तिने रॅलीला लांबूच दिलं नाही.

ग्लासगोच्या दुसऱ्या गेमच्या अखेरची ती ७३ फटक्यांची रॅली तुम्ही पाहिली असेल. २१-२० असताना ओकुहाराचा फटका जाळ्यात गेला आणि गेम सिंधूचा झाला. ती रॅली सगळे कौतुकाने दाखवतात, आणि कौतुकाचीच आहे. पण प्रशिक्षकाच्या नजरेने बघितलं तर तो गुण सिंधूला पडला असला तरी खेळ ओकुहाराच्या पद्धतीचा चालला होता. सव्वापाच फुटांहूनही बुटक्या खेळाडूला नेमकं तेच हवं असतं: शटल वर, लांब, पुन्हा वर, पुन्हा लांब. असा एकेक गुण जिंकतानाही उंच खेळाडू पुढच्या गुणासाठी काहीतरी गमावत असते.

दुसरी गोष्ट. हा बदल २०१७ ते २०१९ असा सरळ चढत गेला नाही. डिसेंबर २०१८मध्ये वर्ल्ड टूर फायनल्सच्या अंतिम सामन्यात सिंधूने ओकुहाराला २१-१९, २१-१७ हरवलं. एप्रिल २०१९मध्ये सिंगापूरला ती तिच्याकडूनच ७-२१, ११-२१ अशी हरली. जुलैमध्ये इंडोनेशियाला २१-१४, २१-७ जिंकली, आणि ऑगस्टमध्ये बाझेल. चार महिन्यांत ७-२१चं २१-७ होतं ते फुप्फुसं बदलल्यामुळे नाही. पहिल्या पाच-सहा फटक्यांत कोण कोणाला पळवतं, हे बदलतं. त्या वर्षी कोरियाच्या प्रशिक्षक किम जी-ह्युन सिंधूसोबत काम करत होत्या आणि सिंधूचा नेटजवळचा खेळ त्या काळात ठळकपणे धारदार झाला. मला विचाराल तर बाझेलची गुरुकिल्ली स्मॅश नव्हती, स्मॅशनंतरची दोन पावलं होती.

आता मुलीच्या खेळाकडे येऊ. एकेरीच्या कोर्टात आपली बाजू ६.७० मीटर लांब आणि ५.१८ मीटर रुंद असते, जाळं मध्यभागी १.५२४ मीटर उंच. सिंधू १७९ सेंटिमीटर, ओकुहारा १५६. उंच मुलीला हे जाळं बुटकं वाटतं, ती शटल वरून घेते, तिचा स्मॅश जास्त उतरत्या कोनात येतो आणि कोपऱ्यापर्यंत ती एक पाऊल कमी टाकून पोचते. पण तिला खाली वाकून पुन्हा उभं राहायला आणि दिशा बदलायला जास्त श्रम पडतात. म्हणून शटल जितका वेळ तिच्या छातीच्या वर खेळलं जाईल तितका फायदा तिचा, आणि गुडघ्याच्या खाली जाईल तितका समोरच्या मुलीचा. बाकी सगळी आखणी यातूनच निघते.

सगळ्यात आधी मुलीचे टॉस, म्हणजे समोरच्या शेवटच्या रेषेपर्यंत जाणारे उंच फटके, तपासा. उंच मुलींचा टॉस आखूड पडतो, कारण स्मॅशच्या सवयीने त्या शटल फार पुढे घेतात. दुहेरीच्या सर्व्हिसची मागची रेषा शेवटच्या रेषेपासून ७६ सेंटिमीटर आत असते. वीस टॉस मारायला लावा आणि त्या ७६ सेंटिमीटरच्या पट्ट्यात किती पडतात ते मोजा. वीसपैकी चौदा पडत नसतील तर आक्रमणाची कुठलीही योजना करू नका, कारण आखूड टॉसवर बुटकी मुलगीसुद्धा आरामात हल्ला करते.

तीच रेषा स्मॅशसाठीही खूण म्हणून वापरा. शटल त्या रेषेच्या पुढे आणि डोक्याच्या पुढे असेल तरच पूर्ण ताकदीचा स्मॅश. रेषेच्या मागे किंवा डोक्याच्या मागे गेलेलं शटल असेल तर टॉस, संथ ड्रॉप (जाळ्याजवळ पडणारा हलका फटका) किंवा हाफ स्मॅश (अर्ध्या ताकदीचा). मागे झुकून मारलेला स्मॅश जोरात दिसतो, पण तो मारून मुलगी शेवटच्या रेषेवर अडकते. समोरची फक्त रॅकेट धरून शटल जाळ्यापाशी टाकते, ही धावत येऊन ते जमिनीपासून वीतभर उंचीवर उचलते, आणि रॅली शून्यापासून सुरू. असे दहा स्मॅश म्हणजे दहा वेळा कोर्टाची लांबी पळणं. तिसऱ्या गेममध्ये पाय संपतात ते इथेच.

स्मॅश कुठे मारायचा? बहुतेक मुली रेषेवर मारायला बघतात. बुटकी बचावपटू खाली बसलेली असते, तिचा लंज (वाकून टाकलेलं मोठं पाऊल) लांब असतो आणि रेषेवरचं शटल हात पसरून घेता येतं. त्यापेक्षा रॅकेटच्या बाजूचा खांदा ते कंबर हा भाग बघा. अंगावर आलेल्या शटलला कोपर बाहेर काढायला जागा मिळत नाही, ग्रिप बदलायला वेळ मिळत नाही आणि परत आलेलं शटल जाळ्याच्या दीडएक फूट वर तरंगतं. तीन स्मॅशपैकी दोन अंगावर आणि एक रेषेवर, असं प्रमाण ठेवा. सगळेच अंगावर मारले तर ती एक पाऊल बाजूला सरकून तयार उभी राहील.

मग ती दोन पावलं. स्मॅशनंतर कोर्टाच्या मध्यावर परत यायची सवय मुलींना लहानपणापासून लावलेली असते. चांगल्या कोनातला स्मॅश असेल तेव्हा मध्यावर थांबायचं नाही, मध्याच्या पुढे सरकायचं. उतरलेला स्मॅश समोरची मागच्या कोपऱ्यात फारसा उचलू शकत नाही, तिचं उत्तर बहुतेक वेळा जाळ्यापाशीच येतं. रॅकेट आधी वर, मग पाय. शटल जाळ्याच्या वरच्या पट्टीच्या वर भेटलं तर टॅप (खाली ठोकायचं), पट्टीच्या किंचित खाली भेटलं तर ड्रिबल (हलकेच जाळ्यालगत पलीकडे सोडायचं), आणि त्याहून खाली भेटलं तर समजायचं की आपण उशीर केला. बाझेलच्या फायनलचं चित्रण आवाज बंद करून बघा आणि फक्त सिंधूचे पाय बघा. पहिला गुण २२ फटक्यांच्या रॅलीनंतर ओकुहाराने घेतला होता. त्यानंतर सिंधूने सलग आठ गुण घेऊन ८-१ केलं, मग ११-२, मग १६-२. त्या गुणांमध्ये ती शटलला किती पुढे जाऊन भेटते हे मुलीला थांबवून थांबवून दाखवा.

सर्व्हिसबद्दल. बचावात्मक, बुटक्या मुलीसमोर आपली उंच लांब सर्व्हिस चालते, कारण शेवटच्या रेषेवरून तिचा स्मॅश घातक नसतो. मात्र सर्व्हिसची उंची सांभाळा. ग्लासगोच्या वेळी मारताना शटल कमरेच्या खाली हवं, असा नियम होता. २०१८पासून मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत पक्की मर्यादा आली: मारताना संपूर्ण शटल कोर्टापासून १.१५ मीटरच्या खाली हवं. याचा त्रास उंच खेळाडूंनाच जास्त झाला, कारण त्यांची कंबरच तेवढ्या उंचीवर असते. स्थानिक स्पर्धांत मोजायची पट्टी नसते, म्हणून चूक लक्षात येत नाही आणि पुढच्या पातळीवर गेल्यावर पहिल्याच सामन्यात फॉल्ट मिळतात. दोन खुर्च्यांना काठ्या बांधून १.१५ मीटरवर दोरी ताणा आणि आठवड्यातून दोनदा त्याच्याशेजारी उभं राहून चाळीस-चाळीस सर्व्हिस करून घ्या.

सरावात हे बसवायला मल्टिशटलसारखं, म्हणजे एकामागून एक शटल टाकून घेतलेल्या सरावासारखं, साधन नाही, पण ते नीट टाकलं तरच. एक साखळी तीन शटलची. पहिलं शटल बॅकहँडच्या मागच्या कोपऱ्यात, त्या ७६ सेंटिमीटरच्या रेषेच्या थोडं पुढे: राऊंड द हेड स्मॅश (बॅकहँडच्या बाजूचं शटल रॅकेट डोक्यावरून फिरवून मारलेलं), अंगावर. दुसरं जाळ्यापाशी, पट्टीच्या उंचीवर: टॅप किंवा ड्रिबल. तिसरं फोरहँडच्या मागच्या कोपऱ्यात: टॉस, पूर्ण लांबीचा. अशा सहा साखळ्या म्हणजे अठरा शटलचा एक सेट. सुरुवातीला पाच सेट, मध्ये ७५ सेकंद विश्रांती. तीन-चार आठवड्यांत आठ सेट आणि ४५ सेकंद. आठवड्यातून तीन दिवस पुरे.

यात सर्वांत जास्त बिघडतं ते शटल टाकणाऱ्याच्या हातून. मुलगी पुढे येईपर्यंत तो दयेने थांबतो. दुसरं शटल मुलीचा मागचा पाय जमिनीला लागला त्याच क्षणी सुटलं पाहिजे. उशिरा पोचली तर उशिरा पोचू दे, शटल पडू दे, पण वेळ बदलू नका. पाचव्या साखळीला स्मॅशचा कोन सपाट व्हायला लागला तर सेट तिथेच थांबवा. दमलेल्या पायांनी चुकीचा फटका पन्नास वेळा घोटण्यात अर्थ नाही.

पायाचं एक बघाच. राऊंड द हेड मारून उतरताना उजव्या हाताच्या खेळाडूचं सगळं वजन क्षणभर डाव्या पायावर येतं. पंजा बाहेरच्या दिशेला, गुडघा पंजाच्या रेषेत, कंबर थोडी खाली. गुडघा आत वळत असेल तर मल्टिशटल बंद करून आधी एका पायावरच्या उड्या आणि उतरणं शिकवा: दहा-दहाचे तीन सेट, प्रत्येक वेळी उतरून दोन सेकंद स्थिर. तीन वेळची विश्वविजेती कॅरोलिना मारिन जानेवारी २०१९मध्ये गुडघ्याचा लिगामेंट फाटल्यामुळे त्या वर्षी बाझेलला खेळलीच नाही. उंच, वाढत्या वयाच्या मुलीच्या बाबतीत यात हयगय नको.

आठवड्यातून एकदा बंधन घालून सामने खेळवा. २१चा गेम, पण मुलीने स्मॅश किंवा ड्रॉपनंतर जाळ्यापाशी घेतलेला गुण दोन गुणांचा. नुसत्या स्मॅशवर मिळालेला गुण एकाचाच. 'आठ फटक्यांत रॅली संपव' असं बंधन मात्र घालू नका. मुली मग तिसऱ्या फटक्यालाच रेषेवर मारून बाहेर घालवतात आणि ती सवय सुटता सुटत नाही. रॅली तोडायची म्हणजे घाई करायची असं नाही. दोन टॉस चांगले देऊन समोरचीला आखूड उचलायला भाग पाडायचं आणि त्या आखूड शटलला सोडायचं नाही.

आता हॉलची हवा. मोठ्या वातानुकूलित स्टेडियममध्ये हवेचा झोत एका बाजूकडून वाहतो. झोत पाठीमागून असेल तर टॉस आणि लिफ्ट (खालून उंच उचललेले फटके) बाहेर जातात, समोरून असेल तर आखूड पडतात. त्यामुळे एका बाजूने जिंकलेला गेम दुसऱ्या बाजूने तसाच जिंकता येत नाही. वॉर्मअपमध्ये चार-पाच पूर्ण लांबीचे टॉस मारून कुठे पडतात ते बघायचं आणि नाणेफेक जिंकली तर सर्व्हिसपेक्षा बाजू निवडायची. तिसऱ्या गेममध्ये ११ गुणांवर बाजू बदलते, म्हणून शेवटचे दहा गुण ज्या बाजूने खेळायचे तिथे कुठला फटका धोक्याचा आहे हे आधीच ठरवलेलं असावं. झोत पाठीमागून असेल तर टॉस कमी, ड्रॉप आणि हाफ स्मॅश जास्त. समोरून असेल तर निर्धास्तपणे टॉस मारा, फक्त पूर्ण ताकदीने.

शटलचंही तसंच. शेवटच्या रेषेवरून खालून पूर्ण ताकदीने मारलेलं योग्य वेगाचं शटल पलीकडच्या शेवटच्या रेषेच्या ५३ ते ९९ सेंटिमीटर आत पडतं. हवा गरम किंवा विरळ असेल तर तेच शटल लांब जातं. पुण्यात उन्हाळ्यात खेळून एखाद्या थंड, वातानुकूलित हॉलमध्ये गेलेल्या मुलीला आपले टॉस अचानक आखूड झाल्यासारखे वाटतात. तिचं तंत्र बिघडलेलं नसतं. स्पर्धेच्या ठिकाणी आदल्या दिवशी पंधरा मिनिटं मिळाली तरी ती टॉसच्या लांबीवरच घालवा. आणि मंद शटलवर बचाव सोपा होतो हे लक्षात ठेवा. अशा दिवशी स्मॅश कमी मारून ड्रॉपवर भर द्यावा लागतो.

स्पर्धेचा आराखडाही समजून घ्या, कारण अंतिम सामन्यातले पाय आधीच्या दिवसांवर अवलंबून असतात. या दोन्ही वर्षी महिला एकेरीत ४८ खेळाडू होत्या. मानांकित १६ जणींना पहिल्या फेरीत बाय (न खेळताच पुढची फेरी), म्हणजे विजेतेपदासाठी पाच सामने. उपउपांत्यपूर्व फेरीपासून गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार असा रोज एक. बाझेलला सिंधूने पै यू-पो आणि झांग बेइवेन यांना सरळ गेममध्ये हरवलं, उपांत्यपूर्व फेरीत ताई झू-यिंगशी १२-२१, २३-२१, २१-१९ अशी झुंज दिली आणि उपांत्य फेरीत चेन युफेईला २१-७, २१-१४ असं लवकर संपवलं. त्याच दिवशी ओकुहाराला रत्चानोक इन्तानोनविरुद्ध तीन गेम खेळावे लागले. अंतिम सामन्यात सिंधूला ताजे पाय मिळाले त्यात याचा नक्की वाटा होता. तुमच्या मुलीच्या स्पर्धांत तर एकाच दिवसात दोन-तीन सामने असतात. सोप्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध १८-८ असताना गंमत म्हणून लांब रॅली खेळणं बंद करायला लावा.

अकरा गुणांवरच्या ६० सेकंदांत तिला एकच गोष्ट सांगा, फार तर दोन. पहिले पंधरा सेकंद पाणी आणि श्वास. मग 'ती बॅकहँडकडून आखूड देते आहे, तिथे आधी जा' इतकं नेमकं. 'आक्रमक खेळ', 'हार मानू नकोस' यातून तिला काही करता येत नाही.

ही योजना सगळ्यांवर चालत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं. ताई झू-यिंग हाताच्या फसवणुकीने पुढे सरकलेल्या खेळाडूला मागे अडकवते, तिथे स्मॅशनंतर फार पुढे धावणं महागात पडतं. आणि २०२३ची विश्वविजेती आन से-यंग स्मॅश नुसता थोपवत नाही, सपाट मारून उलट हल्ला करते. २०२४ अखेरपर्यंत सिंधूला तिच्याविरुद्ध एकही सामना जिंकता आला नव्हता. समोरची मुलगी स्मॅशला सपाट उत्तर देते आहे असं पहिल्या पाच गुणांत दिसलं तर अंगावरचे स्मॅश थांबवायचे आणि ड्रॉपने तिला आधी पुढे ओढायचं. फक्त थोपवणारी असेल तर वर सांगितलेलं सगळं लागू.

पुढचे तीन सामने मोबाइलवर चित्रित करा, कॅमेरा मुलीच्या मागून, थोडा उंचावर. नंतर वहीत प्रत्येक गुणासमोर तीनच गोष्टी लिहा: किती फटके झाले, मुलीने शेवटचं शटल पट्टीच्या वर घेतलं की खाली, आणि गुण कोणाचा. बारा फटक्यांच्या आतले आणि वरचे गुण वेगळे मोजा. आतले ती जिंकते आणि वरचे हरते असं निघालं तर स्मॅशनंतरच्या दोन पावलांपासून सुरुवात करा. दोन्हीकडे हरते आहे असं निघालं तर आधी टॉसची लांबी.